उपरण्यावरचं पद

अर्धांगवायूनं नंदूबुवांची वाचा गेली. कीर्तनात रंगले की बुवा उभ्या उभ्या पदं रचायचे, पण लिहून कधी ठेवली नाहीत. त्यातलं एक त्यांच्या बायकोला, प्रेमलाबाईंना आठवलं. ते त्यांनी मशीनवर तांबड्या दोऱ्यानं बुवांच्या उपरण्यावर शिवलं आणि त्यांच्या मांडीवर पसरलं.

बुवांचं बोट अक्षरांवरून सरकत शेवटच्या ओळीवर आलं. ‘देवा, माझी हाक तुझ्या दारी वारा होऊन येईल.’ ‘वारा’वर बोट टेकवून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“वारा नव्हं? मग पाखरू?”

नाही.

“अख्ख्या सोलापूरला रात्र रात्र जागवलंत, आता बायकोला एक शब्द सांगवेना व्हय?” बाई हसल्या. बुवांच्या घशातून नुसती घरघर आली.

त्या उसवत राहिल्या, शिवत राहिल्या. ‘लेकरू’ झालं, ‘धूप’ झाला. बुवा दर वेळी मान हलवायचे आणि डोळे पुसायचे. शेवटी बाईंना काही सुचेना. मनात आला तो शब्द त्यांनी शिवला आणि उपरणं पुन्हा बुवांच्या मांडीवर टाकलं.

“आता तरी बरोबर हाय का हो?” बाईंनी विचारलं.

बुवा ओळीवर बोट ठेवून बाईंकडंच बघत राहिले. मग हळूच त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

“पांडुरंगा!” म्हणत बाईंनी उपरणं उचललं, तसा वरचा दोरा सळकन निघून आला. मशीनची खालच्या दोऱ्याची बॉबिन केव्हाच रिकामी झाली होती. बुवांनी बोट ठेवलेल्या शब्दाच्या जागी नुसती सुईची भोकं होती.