ताईकडची प्रत

फोटो दोन डिस्कवर उतरवायचे, दोन्ही उघडून बघायचे आणि मगच कार्ड पुसायचं, हा फोटोग्राफरचा शिरस्ता. एक डिस्क स्टुडिओत राहायची, दुसरी ताईच्या कपाटात. आगबीग लागली तर काम वाचावं म्हणून. आज मात्र घाईघाईत ताईची डिस्क न तपासताच तो सकाळी तिच्या दारात देऊन आला होता.

दुपारी त्याने कार्ड उघडलं. कारखान्यातल्या ग्रुप फोटोत, मागे दूरच्या दारात एक बाई उभी होती. स्टुडिओतल्या डिस्कवर तोच फोटो उघडला, तर ती शेवटच्या रांगेमागे आलेली. हसत होती. बाकी कुणाची पापणीही हललेली नव्हती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ताईला फोन लावला.

"ताई, माझी डिस्क लाव जरा. ग्रुप फोटोत कुणी बाई दिसतेय का?"

"थांब, बघते." थोडा वेळ गेला. "छे रे, सगळे कामगारच आहेत. मागचं दार सताड उघडं आहे, पण दारात कुणी नाही."

त्याच्या जिवात जीव आला.

"बरं, ऐक," ताईने आवाज खाली आणला. "सकाळी तुझ्यासोबत आलेल्या बाई अजून बसल्यात. बोलत काहीच नाहीत, नुसत्या हसतायत. जेवायला थांबणार आहेत का?"