रंग वाळायच्या आत

मुलांनो, एक दुकान डोळ्यांसमोर आणा. उसाच्या गावातलं, कोपऱ्यावरचं, निळ्या भिंतींचं. दारात डॉमिनोचं टेबल मांडलंय आणि भिंतीवर एक माणूस चित्र रंगवतोय. दिसलं? आता त्या माणसाच्या पायाशी, बाटल्यांच्या पालथ्या घातलेल्या खोक्यावर, नऊ वर्षांच्या मायरेनीला बसवा. चित्र तिच्या भावाचं आहे.

"नाक चुकलंय," मायरेनी म्हणाली.

"नाकाला कोण विचारतं? बाटली ओळखू येते ना, झालं!" मोन्चो न्हाव्याने रंगाचा ब्रश झटकला. चित्रातला एदिक्सन एका हातात बॅट आणि दुसऱ्या हातात काळ्या, गोड माल्टाची बाटली धरून हसत होता. खाली लिहिलं होतं, 'एदिक्सन माल्टा पितो तो तिलोच्या दुकानातच.'

दुकानदार तिलोकाका छाती फुगवून बघत होते. "उद्या बूटवाले येतील, बॅटवाले येतील, टेलिफोन कंपनी येईल. येऊ देत. पण पोराची पहिली जाहिरात माझी. जन्मभर रोज एक थंड माल्टा फुकट, असा करार केलाय मी त्याच्याशी."

"आधी बेसबॉलच्या संघाची सही तर होऊ दे," शेजारी मासे तळणारी नुरिसमावशी म्हणाली. "आज निवडीला मैदानावर तो पलीकडच्या गावचा डावरा पोरगाही आहे म्हणे."

"तो? वारा सुटला की त्याची आई त्याला खांबाला बांधून ठेवते!" मोन्चो म्हणाला.

"आणि आपला मोठा पैलवानच की नाही! चालतो तेव्हा हाडं वाजतात," नुरिसमावशीने टोला हाणला.

सगळे खदाखदा हसले. मायरेनीही हसली. तिने तर शाळेत सांगूनसुद्धा टाकलं होतं, माझा भाऊ आता टीव्हीत दिसणार म्हणून.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला एदिक्सन दिसला. सकाळी तो प्रशिक्षकाच्या गाडीतून गेला होता. आता चालत येत होता, एकटा, पिशवी खांद्यावर टाकून. टेबलावरच्या सोंगट्या वाजायच्या थांबल्या.

"डावऱ्याला घेतलं," तो आल्या आल्या म्हणाला. "माझी बॅट उशिरा फिरते म्हणाले. चेंडू जोरात आला की मी मागे पडतो."

 मग सगळे एकदम बोलू लागले.

"बस बाळा, बस." ज्याने आजवर त्याला चिडवल्याशिवाय एकदाही हाक मारली नव्हती, तो मोन्चो असं म्हणत होता. नुरिसमावशीने तिखट न लावता माशाचा तुकडा पुढे केला. तिलोकाकांनी माल्टाचं झाकण स्वतः उघडून दिलं. आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसे सगळ्यांचे आवाज खाली आले होते. आणि एकेका गोड शब्दासरशी आपला भाऊ लहान लहान होत चाललाय, हे मायरेनीला दिसत होतं.

एदिक्सनने बाटलीला हात लावला नाही. तो भिंतीकडे बघत होता.

"पुसून टाका ते," तो म्हणाला. "अजून ओलं आहे, निघेल."

मोन्चोने तिलोकाकांकडे पाहिलं, तिलोकाकांनी जमिनीकडे. फडकं उचलायला कुणाचा हात होईना.

मायरेनी उठली. दुकानात शिरून तिने झाडूचा दांडा उपसून काढला आणि पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण घेतलं.

"अगं ए, पाण्यात माश्या पडतील!" तिलोकाका ओरडले.

त्या गल्लीतली सगळी पोरं बॅट चालवायला शिकली ती अशाच दांड्याने आणि चेंडूऐवजी अशाच झाकणावर. एदिक्सनही. झाकण हवेत कुठे वळेल याचा भरवसा नसतो. मायरेनीने दांडा भावाच्या हातात कोंबला आणि रस्त्यापलीकडे विजेच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली.

एदिक्सन दांड्याकडे बघतच राहिला. मग त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"हळू टाक गं," नुरिसमावशी म्हणाली. "दमून आलाय तो."

मायरेनीने झाकण बोटांत नीट बसवलं, भावाच्या डोळ्यांत बघितलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकलं.