कडू पाला

"रक्त कमी आहे," सुईची जागा कापसाने दाबत ऑन्सोमू म्हणाला. इस्पितळात रक्त तपासायचं काम त्याच्याकडे होतं. "आधी तुमचंच भरायला हवं. दुसऱ्याला काय देणार?"

बोचाबेरी खुर्चीतून उठली नाही. पलीकडच्या वॉर्डात मोकेइरा पडून होती. पोटात गाठ. ऑपरेशनला रक्त लागणार होतं आणि तिचा गट फार क्वचित मिळणारा. चहाच्या मळ्यावरच्या शिबिरात बोचाबेरीचा गट नेमका तोच निघाला होता. दुसरं कुणी सापडत नव्हतं.

"कसं भरतात, ते सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ऑपरेशन दोन महिने पुढे ढकललं. लोहाच्या गोळ्यांनी बोचाबेरीचं पोट बिघडलं, तेव्हा ऑन्सोमूने परसातला पाला खायला सांगितला. चिन्सागा, मनागू, जे मिळेल ते. लोह त्यात भरपूर. पण उकळलेलं पाणी फेकायचं नाही, दूध घालायचं नाही. वर लिंबू पिळायचं, आणि जेवणावर चहा घ्यायचा नाही.

किसीच्या मुलखात चिन्सागा दुधाशिवाय कुणी खात नाही. तो जीभ सोलून काढतो. बोचाबेरीने पहिला घास मक्याच्या घट्ट उगालीबरोबर कसाबसा गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"घोटभर दूध घाल गं," आई म्हणाली. "कडूपणा मरेल."

"मग गुणही मरेल."

"त्या मोकेइरासाठी हे हाल? तिने कधी तुला साधं पाणी तरी विचारलं का?"

"तिची पोरं लहान आहेत, आई. वाढ अजून."

आई पुटपुटत राहिली. पण सकाळी परसातली कोवळी पानं तीच खुडून आणायची. दिवसभर मळ्यात चहा खुडून बोचाबेरी घरी यायची आणि पाल्याचं ताट पुढे ओढायची. शेजारणी चहाला बोलवायच्या, ती नको म्हणायची. बायका हसायच्या, "शेळी झालीस की गं!" ती पाण्यासकट वाडगा तोंडाला लावायची.

दोन महिन्यांनी ऑन्सोमूने पुन्हा रक्त तपासलं. खात्री करायला आणखी एकदा तपासलं.

"भरलं," तो म्हणाला. त्याने तिला खाटेवर निजवलं, दंडाला पट्टा बांधला. "इतकं कुणी करत नाही हो. बहीण का तुमची?"

"नाही."

"मग मोकेइरा तुमची कोण?"

बोचाबेरीने मूठ आवळली. शीर टरारून वर आली.

"सवत," ती म्हणाली. "ती घरात आली, त्या दिवशी मी माहेरी आले. टोचा आता."