दारात अडकलेली कुडी

“एवढंसं दार, त्यात हे ताटाएवढे स्पीकर कुठे कोंबू?” आमच्या जुन्या पिकअपच्या दाराचं पॅनेल उघडत मिस्त्री पुटपुटला. मग आत हात घालून त्यानं सासूबाईंची मोत्याची कुडी बाहेर काढली.

नऊ वर्षांपूर्वी लग्नाहून परतताना त्या याच खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. शेजारी आमची स्वयंपाकीण अनसूया होती. कुडी हरवली, तेव्हा आम्ही तिला चोर म्हटलं नाही. फक्त कामाला बोलावणं बंद केलं.

“काचेच्या फटीतून पडली असणार,” हे म्हणाले.

“घासली की चमकेल,” मी म्हणाले.

स्पीकर बसले, गाणं घुमलं. आम्ही उगाच माना डोलावल्या.

सासूबाईंनी गाणं बंद करायला लावलं आणि काठी टेकत गाडीत चढल्या.

“अनसूयाकडे घे गाडी,” त्या यांना म्हणाल्या. “आपण तिला चोरच ठरवलं होतं.”