पुढचा हात

"दोर भावाच्या हातात द्यायचा न्हाई. मेव्हण्याच्या द्यायचा."

आबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी कड्यावर पाऊल पडलं की बहिरूच्या कानात तो आवाज घुमायचाच. एका सांजेला आपल्या दोघा पोरांना चुलीपुढं बसवून आबा एवढंच बोलले होते. भाऊ पडला तर भावाचं शेत वाढतं. मेव्हण्याच्या बहिणीचं मात्र कुंकू पुसतं. म्हणून मेव्हणा दोर सोडत नाही.

आज ताम्हिणीच्या अंगाला, कड्याच्या पोटात, आठ पुरुषांच्या उंचीइतक्या खोल एका कपारीवर सुंदरा बसली होती. धनगराची सून. शेळीमागं उतरली, घसरली, पाय मोडून घेतला. ती जरा हलली की बुडाखालची माती सुटायची आणि खडे खाली दरीत जायचे. त्यांचा आवाजसुद्धा वर येत नव्हता.

कुणी विहिरीत पडो, कड्यावरून जावो, या भागातली माणसं दोरवाल्यांना हाक घालत. मधाची मोहळं उतरवणारी ही पाच-सहा माणसं हातातला घास टाकून धावायची. मोबदल्यात घ्यायची तो एक नारळ.

खाली उतरायचा कुशाबा, बहिरूचा थोरला भाऊ. वर काठावर पुढचा हात कुशाबाच्या मेव्हण्याचा, जयसिंगचा. पुढच्या हातानं खालचा झटका ओळखायचा. त्यानं 'सोडा' म्हटलं की बाकीच्यांनी सोडायचं, 'ओढा' म्हटलं की ओढायचं. आणि या बाकीच्यांत सगळ्यांत मागं बहिरू.

रस्त्याची मापं घ्यायला आलेला ओव्हरसिअर दरीतून काढला, तेव्हा मामलेदारानं कुशाबाला फेटा बांधला. जयसिंगलाही बांधला. बहिरूला गूळपाणी मिळालं. वहिनी पहाटे दळायला बसली की जात्यावर गायची,

वर उभा भाऊराया, कुंकू माझं खोल दरी
वाखाचा ग दोर मधी, माझा जीव त्याच्यावरी

त्या ओवीत दिराला जागा नव्हती. भिंतीपलीकडं बहिरू गोधडीत डोळे उघडे ठेवून पडायचा. 

आज जयसिंग नव्हता. सोयरिकीसाठी उरवड्याला गेला होता. कुशाबानं कमरेला गाठ मारली. दोरवाल्यांतल्या म्हाताऱ्या कोंडिबानं विचारलं, "म्होरं कोन?"

"मी," बहिरू म्हणाला.

 त्याच्या शेजारच्या भिकूनं उगाच तंबाखू मळली. कुशाबानं गाठ सोडली.

"जयसिंगला सांगावा धाडा."

"त्यो येईस्तवर उद्या उजाडंल, दादा. तिच्या खालची माती चाललीया!"

"तुझ्या हातात दोर देऊन मी उतरणार न्हाई."

चारचौघांत बोलला. बहिरूचे कान तापले. इतक्या वर्षांचं सगळं बोलायचं होतं, आणि बोलला ते भलतंच.

"मग तू धर. मी उतरतो."

कुशाबा एकदम मागं सरकला. "मी? न्हाई. मी न्हाई धरायचा."

"का? फेट्यात वाटणी नगं व्हय?"

दोर कमरेला आवळून बहिरू काठाशी गेलासुद्धा. "धर की रं कुशा," कोंडिबा ओरडला, "बाई जाईल!" बहिरूचे पाय काठावरून सुटले, तेव्हा कुशाबाला दोर धरावाच लागला.

दोर हळूहळू येत होता. तान्ह्याला पाळण्यात निजवावं तसा. बहिरूला गंमत वाटली. या सुखासाठीच दादा आपल्याला कधी उतरू देत नव्हता तर!

कपारीवर सुंदरानं डोळे उघडले. "आज कुशाबा न्हाई आलं?"

इथंही तेच. "आज मी आलोय, बाई. माझ्यासंगं वर जायचं नसंल तर ऱ्हा बसून."

दुखण्यातही ती हसली. त्यानं आपल्या कमरेचा दोर सोडून तिला बांधला आणि दोन झटके दिले. सुंदरा वर गेली. कपारीवर बहिरू एकटा उरला, दोराविना. वरून गलका ऐकू आला, मग काहीच नाही. वेळ लागला. दोर येईना. तेवढ्या वेळात बहिरूनं मनातल्या मनात आपलं शेत दादाच्या शेताला जोडलं, मधला बांध मोडला आणि त्यावर नांगर फिरवला. अंगावर काटा आला. तोच दोराचं टोक नाकासमोर येऊन डुलू लागलं.

तो वर आला, तेव्हा सुंदरेच्या सासूनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्याच्या वाट्याला हे जन्मात पहिल्यांदा. बहिरूची छाती फुगली. त्यानं मान वळवून भावाकडं पाहिलं.

कुशाबा खाली बसला होता. दोन्ही तळहात सोलून निघाले होते. काम संपलं होतं, तरी त्याच्या मुठी दोरावरून सुटत नव्हत्या. भिकू त्याचं एकेक बोट उलगडत होता.

"बघितलंस?" बहिरू म्हणाला. "आता जयसिंगला सांग, माझा बी भाऊ उतरतो म्हनून."

कुशाबानं मान वर केली नाही.  हातांकडं बघतच तो अगदी हळू बोलला.

"तू धा वर्सांचा व्हतास, बहिरू. आबांनी तुला मोहळाला सोडलं व्हतं आन् म्होरचा हात माझा व्हता. आबांचा तुझ्यावर लई जीव. मी बोटं उघडली. मागनं आबांनी दोर धरला, तुला वाटलं गचका बसला. माझ्यात हाय ते तुझ्यात बी असंल, ह्ये भ्या मला हायेच. पर तुझा दोर पुन्हा माझ्या हातात येऊ नये, म्हनून मी जल्मभर खाली उतरत आलोय."