मडक्याचा ठोका

"बंद केलं त्यानं पुन्हा," गेनबा म्हणाला आणि पुढ्यातलं ताट त्यानं भाकरीसकट ढकललं.

गवराबाई चुलीपासून उठली आणि नवऱ्याच्या समोर येऊन बसली. "अवं, इंजिन चालू हाय."

"तू दिराचीच बाजू घेणार."

भामा नदीच्या काठावर दोघा भावांचं सामाईक इंजिन होतं. त्याच्या पाण्यावर दोघांचा कांदा उभा होता. इंजिन धाकटा बाळाजी चालवायचा. थोरल्या गेनबाचे गुडघे धरले होते, म्हणून तो घरच्या ओट्यावर बसून कान लावायचा. त्या भागात इंजिनाच्या धुराच्या नळीला मडकं बसवायची रीत होती. मडक्यातून भुक-भुक असा ठोका निघायचा तो पार गावापर्यंत यायचा. ठोका चालू म्हणजे पाणी चालू. मालकाला नदीवर जाऊन बघायची गरज नाही.

दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. मग ठोका बारीक झाला, अडखळायला लागला, आणि आता तर दिवस दिवस नाहीच. बाळाजी इंजिन बंद करून झाडाखाली झोपत असणार, नाहीतर त्यातलं तेल विकून खात असणार. नुसत्या विचारानं गेनबाचं डोकं फिरायचं. कांदा तर चांगला पोसलाय की, असं कुणी म्हटलं तर तो फाडकन म्हणायचा, "जमीन माझ्या बापाची हाय. पोसंल न्हाईतर काय करंल?"

घरातल्या माणसांचाही त्याला वीट आला होता. एकतर सगळी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, नाहीतर अंगावर ओरडायची. वडीलकीचा मान म्हणून राहिला नव्हता. गावात तर उघड बोलायचे, गेनबाला भाऊ नकोसा झालाय, निमित्त शोधतोय. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

शेवटी गेनबानं तळेगावहून सोनबा मिस्त्रीला बोलावलं. तशीही इंजिनाच्या सफाईची वेळ झालीच होती. त्या दिवशी गेनबा स्वतः गाडीत बसून नदीवर गेला. सोनबानं काळं पडलेलं ऑइल काढून नवं भरलं, गाळणी रॉकेलमध्ये धुतली, नळीतली काजळी खरवडली, सैल पडलेला पट्टा ताणला. मडकं पुन्हा जागेवर बसवून त्यानं हँडल मारलं. इंजिनानं लगेच ठोका धरला. पायाखालची जमीन थरथरायला लागली आणि काठावरचे बगळे उडाले.

सोनबा इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाला, "भाऊ, बाळाजीनं लई झ्याक ठेवलंय हे. काय बी दोष न्हाई."

"इंजिनात न्हाईच दोष," गेनबा म्हणाला. "मी हितं हाय तवर चालतंय. मी घरी गेलो की बंद. मंग दोष कुणात हाय?"

बाळाजी पाटाच्या कडेला उभा होता. हातातलं तेलकट फडकं खाली टाकून तो भावाच्या पुढ्यात आला आणि ओरडला. "दादा, आईच्यान सांगतो, मी बंद करत न्हाई."

"मेलेल्या आईला मधी आणू नगंस, चोरा."

बाळाजीचा चेहरा उतरला. जरा वेळानं तोही तापला. "चोर म्हणतोस तर मंग घर सोडू का?"

"सोड."

सगळ्यांना वाटलं, राग उतरेल. राग उतरला नाही. दुपारी बाळाजीच्या बायकोनं, भागूबाईनं, भांडी आणि वाकळा बोचक्यात बांधल्या. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथं मजुरी मिळेल असं बाळाजी म्हणाला. गवराबाईनं जावेचा हात धरून ठेवला होता. तो तिला सोडवेना.

गेनबानं मात्र घरी परतताना सोनबाला नदीवरच थांबवलं होतं. त्याला बजावून सांगितलं होतं, "दिस बुडंस्तवर चालव. मी घरनं ऐकतो. आता बंद करणारा ऱ्हायला न्हाई. गावालाबी कळू दे, खोटं कोण ते."

निघताना बाळाजी ओट्यापाशी आला आणि थोरल्या भावाच्या पाया पडायला वाकला. गेनबानं पाय वर ओढून घेतले. बाळाजी तसाच उठला, बोचकं डोक्यावर घेतलं आणि भागूबाईच्या पुढं चालायला लागला. पिंपळाच्या वळणाला दोघं दिसेनाशी झाली.

मग गेनबानं नदीच्या दिशेनं कान केला. बराच वेळ तो तसाच बसला. हळूहळू त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

"सोनबालाबी फितवून गेला," तो म्हणाला. "गवरे, आजून सुरू केलं न्हाई त्यानं. बघ, जाता जाताबी दावा साधला चोरानं."

गवराबाई त्याच्या पाठीमागं उंबऱ्यात उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अवं."

गेनबानं मान वळवली नाही.

"धनी," ती म्हणाली.

तो नदीकडे बघत दात खात राहिला. दावणीची कालवड त्याच दिशेला कान टवकारून उभी होती, आणि नदीवरून मडक्याचा ठोका खणखणीत येत होता, भुक-भुक, भुक-भुक, मघापासून एकदाही न थांबता.