उलटतपासणी

"आरोपीने खिशातून हात काढावेत," न्यायाधीश म्हणाली, आणि अख्खा आठवीचा वर्ग खिदळला.

टेबल फळ्यासमोर ओढलं होतं. न्यायाधीशाच्या खुर्चीत वर्गप्रमुख मुलगी, हातात लाकडी पट्टी. एका बाजूला सरकारी वकील म्हणून वर्गातला बडबड्या, दुसऱ्या बाजूला आरोपीचा वकील, चष्मिस. खटला सायकलचोरीचा. नागरिकशास्त्राच्या बाई खिडकीपाशी उभ्या राहून बघत होत्या. न्यायालयाचा धडा नुसता वाचला की मुलांच्या डोक्यावरून जातो, म्हणून त्यांनी हा घाट घातला होता.

"साक्षीदार हजर करा."

चिठ्ठीत नाव निघालं होतं शेवटच्या बाकावरच्या मुलीचं. ती काका-काकूंकडे राहायची. महिन्यापूर्वी काकू अंधारात जिन्यावरून पडून वारली, तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. बाईंना वाटलं, बरं झालं, या निमित्ताने दोन वाक्यं तरी बोलेल.

मुलगी पुढे आली. फळ्यावर लिहिलेली शपथ तिने वाचली. खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. मग ती बाईंकडे वळली.

"बाई, हे म्हटल्यावर खरंच सांगावं लागतं?"

"कोर्टात लागतंच," बाई हसून म्हणाल्या. "आणि ऐकलेलं नाही हं. स्वतः पाहिलेलं."

बडबड्या खाकरला. "साक्षीदार, तुम्ही काय पाहिलंत?"

"काकांनी काकूला ढकललं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एकटंच पडलं.

"हे आपल्या केसमधलं नाहीये," बडबड्या पुटपुटला. त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर सायकल होती. पण प्रश्न त्याने घोकून घोकून पाठ केले होते. पुढचा तोंडातून निघून गेलाच. "तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"वरच्या पायरीवर. दप्तर घेऊन."

इथे थांबवायला हवं, हे बाईंना कळत होतं. पण त्या काही म्हणायच्या आत पुढचा प्रश्न आला.

चष्मिस उठला. साक्षीदाराला खोटं पाडायचं तर उजेडाचं विचारायचं, हे बाईंनीच त्याला शिकवलं होतं. "जिन्यात अंधार होता. मग तुम्हाला नीट दिसलं कसं?"

"अंधार नव्हता. दिवा चालू होता," मुलगी म्हणाली. "काकांनी तो नंतर बंद केला."

चष्मिस मटकन खाली बसला.

शाळा सुटल्याची घंटा झाली. एकही मूल जागचं हललं नाही. मुलगी मात्र दप्तर घ्यायला वळली.

"थांब," बाई म्हणाल्या. "आज घरी नको जाऊस."

"काका न्यायला येतात, बाई. उशीर झाला की विचारतात, कुणाशी बोलत होतीस."

बाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. फाटकापाशी मोटारसायकल उभी होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं. जिन्यात चपला वाजत होत्या, सावकाश.

बाईंनी वहीचं पान टरकावलं. मुलीचे शब्द होते तसे उतरवले आणि खाली सही केली. सही कुणा दुसऱ्याचीच वाटावी इतकी वाकडी आली. पान त्यांनी वर्गप्रमुखाच्या मुठीत कोंबलं.

"मागच्या दाराने जा. मोठ्या बाईंच्याच हातात दे. पोलिसांना लगेच फोन करा म्हणावं. पळ."

ती गेली, आणि पुढच्या दारात काका उभे राहिले. हसतमुख माणूस.

"नमस्कार बाई. आमची पोर त्रास देते की काय?"

पाहुणा आला की हा वर्ग एका दमात उठून उभा राहायचा. आज कुणी उठलं नाही. काकांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. शेवटी ती फळ्यासमोरच्या मुलीवर येऊन थांबली.

"काय सांगितलंस गं यांना?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

बाई मधे येऊन उभ्या राहिल्या. "तिला नका विचारू. काय ते मला विचारा."

"पाहिलं तेच," मुलगी त्यांच्या पाठीमागून म्हणाली.

काका आणखी हसले. मग मागे न बघताच त्यांनी हात लांबवला, दार लोटलं आणि आतून कडी घातली.

समोर न्यायाधीशाची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.